दहा दिवसांची शिक्षा

२९ जुलै १९३८. शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर न्यूयॉर्क यँकीज आणि शिकागो व्हाइट सॉक्स यांचा बेसबॉलचा सामना सुरू व्हायला थोडा अवकाश होता. डब्ल्यूजीएन रेडिओचा निवेदक बॉब एल्सन यँकीजच्या जेक पॉवेलला मायक्रोफोनसमोर घेऊन बसला. असल्या मुलाखती म्हणजे सामन्याआधीचा वेळ भरून काढायचं काम, प्रश्नही ठरलेले. हंगाम संपल्यावर अंग कसं राखतोस, असं एल्सनने विचारलं. पॉवेलने सांगितलं की आपण ओहायोतल्या डेटन शहरात पोलिसाची नोकरी करतो आणि काळ्यांच्या टाळक्यात दंडुके हाणून तब्येत राखतो. ‘काळ्यां’साठी त्याने वापरलेला शब्द शिवीच होती. स्टेशनने मुलाखत तिथेच तोडली. पण तो कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत होता, त्यामुळे शब्द गावभर झाले होते.

शिकागो हे तेव्हा कृष्णवर्णीयांच्या मोठ्या वस्तीचं शहर. दक्षिणेतल्या राज्यांमधून आलेली माणसं व्हाइट सॉक्सच्या मैदानाच्या आसपास दाटीवाटीने राहत होती. ‘शिकागो डिफेंडर’सारखं त्यांचं स्वतःचं, देशभर वाचलं जाणारं साप्ताहिक होतं. स्टेशनचे फोन खणखणू लागले. दुसऱ्या दिवशी एक शिष्टमंडळ थेट मैदानावर गेलं आणि पॉवेलला बेसबॉलमधून जन्मभर हाकला, असा अर्ज त्यांनी पंचांच्या हातात दिला. बेसबॉलचे कमिशनर केनेसॉ माउंटन लँडिस यांचं कार्यालय शिकागोतच होतं. त्यांनी पॉवेलला दहा दिवस निलंबित केलं. हा प्रकार हेतूपेक्षा निष्काळजीपणातून घडला, असंही त्यांनी म्हणून ठेवलं. वंशद्वेषी बोलण्यासाठी मोठ्या लीगमधल्या खेळाडूला मिळालेली ही पहिली शिक्षा मानली जाते.

पॉवेल नेमकं काय बोलला, याचे तपशील त्या वेळच्या वृत्तपत्रांत एकसारखे नाहीत. गोऱ्यांच्या बऱ्याच पत्रांनी ‘आक्षेपार्ह उद्गार’ एवढ्यावर भागवलं. मग बातमीदारांनी डेटनला चौकशी केली, तर तिथल्या पोलीस दलात पॉवेल नावाचा कोणी नव्हताच. त्याने नोकरीसाठी अर्ज केला होता, नोकरी लागली नव्हती. म्हणजे गड्याने लोकांना मारल्याची फुशारकीसुद्धा खोटी मारली होती.

यँकीजचे मालक जेकब रुपर्ट हे बिअरचे मोठे कारखानदार. त्यांची बिअर न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत खपायची, आणि ती पिऊ नका असा सूर तिथे निघू लागला होता. मग क्लबने पॉवेलला हार्लेममध्ये पाठवलं. हा माणूस तिथल्या एकेका बारमध्ये शिरून आपली ओळख देत होता आणि माफी मागत होता. धाडसाचं काम होतं, हे मान्य करायलाच हवं. पण निलंबन संपवून तो ऑगस्टच्या मध्याला वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये उतरला तेव्हा कृष्णवर्णीय प्रेक्षकांनी त्याच्यावर बाटल्यांचा वर्षाव केला. मैदान साफ करायला माणसं बोलवावी लागली. ते स्टेडियम हॉवर्ड विद्यापीठाला लागून, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत उभं होतं.

अमेरिकेत बोलण्याचं स्वातंत्र्य घटनेने दिलेलं आहे, मग खेळाडूला शिक्षा कशी, हा प्रश्न अशा प्रत्येक प्रकरणात कोणीतरी विचारतंच. १७९१ सालच्या त्या पहिल्या घटनादुरुस्तीने हात बांधले ते सरकारचे. क्लब म्हणजे खासगी मालक, लीग म्हणजे मालकांनी मिळून केलेला करार. तिथे कोणी काय बोलावं आणि बोलल्यावर काय व्हावं, हे करार ठरवतो. बेसबॉलमधला हा करार तर खास कडक होता. १९१९च्या जागतिक मालिकेत व्हाइट सॉक्सच्या खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामने हरल्याचं उघड झालं, धंद्याची अब्रू गेली, आणि घाबरलेल्या मालकांनी लँडिस या फेडरल न्यायाधीशाला आणून कमिशनरच्या खुर्चीत बसवलं. ‘बेसबॉलच्या हिताला’ बाधक वाटेल त्यावर कारवाई करायची मुभा त्यांना दिली आणि त्यांच्या निकालाविरुद्ध कोर्टात जाण्याचा आपला हक्कही सोडला. ऑगस्ट १९२१मध्ये ज्यूरीने खटला चाललेल्या खेळाडूंना निर्दोष सोडलं. दुसऱ्याच दिवशी लँडिस यांनी आठ खेळाडूंना तहहयात बाद केलं.

जुगार रोखायला दिलेली ही ताकद पुढे जिभेवरही चालली. मात्र कोणाची जीभ, हा प्रश्न उरतोच.

पॉवेलला शिक्षा झाली त्या दिवशी मोठ्या लीगच्या एकाही संघात कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १८८४ साली टोलेडोच्या संघातून खेळलेल्या मोझेस फ्लीटवुड वॉकर आणि त्याच्या भावानंतर कोणालाच येऊ दिलं नव्हतं. लेखी नियम कुठेही नाही, मालकांमधली मूक समजूत मात्र पक्की, आणि तिच्यावर पहारा लँडिस यांचा. वेस्टब्रुक पेग्लर या गोऱ्या, आणि एरवी पुरोगामी म्हणून मुळीच प्रसिद्ध नसलेल्या स्तंभलेखकाने तेव्हाच ही विसंगती पकडली. जो धंदा कृष्णवर्णीयांना दारातच अडवतो त्याने पॉवेलच्या बोलण्याचा धक्का बसल्याचं सोंग आणावं याची त्याने खिल्ली उडवली, आणि बेसबॉलच्या या वागणुकीची तुलना त्याने हिटलरने ज्यूंना दिलेल्या वागणुकीशी केली. साल १९३८ होतं, हे ध्यानात घ्यायला हवं.

याच कमिशनरांनी चार वर्षांनी दुसऱ्या एका माणसाला बोलण्यावरून बोलावून घेतलं. ब्रुकलिन डॉजर्सचे मॅनेजर लिओ ड्यूरोशर म्हणाले होते की परवानगी असती तर आपण कृष्णवर्णीय खेळाडू आनंदाने घेतले असते. हे ‘डेली वर्कर’ या कम्युनिस्ट वृत्तपत्रात छापून आलं होतं. लँडिस यांच्यापुढे उभं राहिल्यावर ड्यूरोशर यांनी शब्द फिरवले, आणि जुलै १९४२मध्ये लँडिस यांनी जाहीर केलं की असा कोणताही लेखी वा अलिखित नियम बेसबॉलमध्ये नाही, मालकांनी हवे तितके कृष्णवर्णीय खेळाडू घ्यावेत. कोणी घेतले नाहीत. नोव्हेंबर १९४४मध्ये लँडिस वारले, तोवर एकही आला नव्हता. वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या मानचिन्हावर त्यांचं नाव कोरलं गेलं आणि ते ऑक्टोबर २०२०पर्यंत राहिलं. नाव काढायचा निर्णय घेतला तो बेसबॉलच्या वार्ताहरांच्या संघटनेने.

पॉवेलची कथा इथे एका विचित्र वळणाने पुढे जाते. १९३६ साली वॉशिंग्टनच्या संघाने पॉवेलला यँकीजकडे दिलं ते बेन चॅपमन या खेळाडूच्या बदल्यात. ११ वर्षांनी हाच चॅपमन फिलाडेल्फिया फिलीजचा मॅनेजर म्हणून ब्रुकलिनला आला. १५ एप्रिल १९४७ रोजी कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला होता आणि वर्णाची भिंत पडली होती. आठवडाभराने, २२ एप्रिलला, फिलीजच्या डगआउटमधून, म्हणजे खेळाडूंच्या बाकांवरून, रॉबिन्सनवर शिव्यांची अशी काही सरबत्ती झाली की, आयुष्यात मोडून पडण्याच्या इतक्या जवळ आपण कधीच आलो नव्हतो, असं त्याने नंतर लिहिलं. त्याने क्लबला वचन दिलं होतं की उलट बोलायचं नाही. अखेर त्याचा सहकारी एडी स्टँकी उठून फिलीजवर ओरडला.

चॅपमनचा बचाव ऐकण्यासारखा होता. डगआउटमधून प्रतिस्पर्ध्याला डिवचणं ही बेसबॉलची जुनी रीतच होती. इटालियन जो डिमॅजिओ असो की ज्यू हँक ग्रीनबर्ग, सगळ्यांना त्यांच्या जातकुळीवरून हिणवलं जायचं. मग रॉबिन्सनला वेगळी वागणूक का, असं तो म्हणे. म्हणजे समानता पाळल्याचं श्रेयही त्याला हवं होतं. डिमॅजिओच्या बिरादरीला मोठ्या लीगचं दार कधी बंद नव्हतं, एवढी एकच गोष्ट त्याच्या हिशोबातून सुटली. स्तंभलेखक वॉल्टर विंचेलने रेडिओवरून चॅपमनवर झोड उठवली. कमिशनर हॅपी चँडलर यांनी हे थांबवा अशी ताकीद दिली. ९ मे रोजी फिलाडेल्फियात चॅपमन आणि रॉबिन्सन या दोघांचा एक फोटो काढवून घेतला, एका बॅटची दोन टोकं दोघांच्या हातात. निलंबन झालं नाही. याच चँडलर यांनी २२ एप्रिलच्या दोनच आठवडे आधी ड्यूरोशर यांना वर्षभर बाहेर बसवलं होतं, जुगाऱ्यांमध्ये ऊठबस ठेवल्याबद्दल.

मालकांना तर अशा बोलण्यावरून बराच काळ कोणी हटकतच नव्हतं. मिनेसोटा ट्विन्सचे कॅल्विन ग्रिफिथ सप्टेंबर १९७८मध्ये वासिका या छोट्या गावी लायन्स क्लबात बोलायला गेले. ट्विन्सचा संघ त्यांनीच वॉशिंग्टनहून मिनेसोटात आणला होता. पॉवेलवर बाटल्या पडल्या ते ग्रिफिथ स्टेडियम त्यांच्या काकांच्या नावाचं. इकडे का आलात, या प्रश्नावर ते मोकळेपणाने म्हणाले की इथे कृष्णवर्णीय फक्त १५,००० आहेत असं कळलं म्हणून. इथली गोरी माणसं चांगली आणि कष्टाळू आहेत. श्रोत्यांत मिनियापोलिसच्या एका दैनिकाचा बातमीदार बसलेला आहे याचा त्यांना पत्ता नव्हता. बातमी छापून आली, ओरड झाली, लीगने काही केलं नाही. जे काही केलं ते रॉड कॅर्यूने. पनामात जन्मलेला हा फलंदाज आदल्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू होता. या माणसाच्या मळ्यावरचा गुलाम होऊन आपण खेळणार नाही, असं त्याने सांगून टाकलं आणि फेब्रुवारी १९७९मध्ये तो कॅलिफोर्निया एंजल्सकडे गेला. ग्रिफिथ यांचा पुतळा पुढे ट्विन्सच्या नव्या स्टेडियमबाहेर उभा राहिला. तो जून २०२०मध्ये हलवला.

नोकर माणसाचं मात्र वेगळं असतं. ६ एप्रिल १९८७ला, रॉबिन्सनच्या पदार्पणाला ४० वर्षं होत होती म्हणून, एबीसी वाहिनीच्या ‘नाइटलाइन’ कार्यक्रमात टेड कॉपेलने डॉजर्सचे जनरल मॅनेजर अल कँपॅनिस यांना घेतलं. निवडही योग्य वाटावी अशी होती. १९४६मध्ये माँट्रिऑलला ते रॉबिन्सनबरोबर खेळले होते आणि रॉबेर्तो क्लेमेंते या कृष्णवर्णीय खेळाडूला डॉजर्समध्ये त्यांनीच आणलं होतं. कॉपेलने विचारलं, बेसबॉलमध्ये कृष्णवर्णीय मॅनेजर का नाहीत? प्रश्न रास्त होता, कारण तो हंगाम सुरू झाला तेव्हा एकाही संघाचा मॅनेजर कृष्णवर्णीय नव्हता. कँपॅनिस उत्तरले की त्या कामाला लागणारे काही गुण कदाचित त्यांच्यात नसावेत. कॉपेलने सावरायची संधी दिली, तर ते आणखी खोल गेले. कृष्णवर्णीय चांगले पोहणारे का नसतात, तर त्यांना पाण्यावर तरंगता येत नाही, इथपर्यंत. ८ एप्रिलला त्यांची नोकरी गेली.

या प्रकरणात एक गोष्ट मात्र निराळी घडली. कमिशनर पीटर यूबेरॉथ यांनी हॅरी एडवर्ड्स या कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञाला सल्लागार नेमलं, आणि एडवर्ड्स यांनी मदतीला घेतलं खुद्द कँपॅनिस यांना. त्यांचा तर्क सरळ होता. दारं कुठे बंद होतात हे आत बसून ती बंद करणाऱ्यांना जितकं ठाऊक, तितकं बाहेरच्यांना नसतं. पुढल्या वर्षी फ्रँक रॉबिन्सन बाल्टिमोरचे मॅनेजर झाले आणि १९८९मध्ये बिल व्हाइट नॅशनल लीगचे अध्यक्ष. या साऱ्या इतिहासात बोलण्यावरून उठलेल्या वादळाने बोलण्यापलीकडचं काही हललं असेल, तर ते इथेच.

मालकांनाही पुढे शिक्षा होऊ लागल्या. सिनसिनाटी रेड्सच्या मालकीण मार्ज शॉट यांना वंशद्वेषी बोलण्याबद्दल फेब्रुवारी १९९३मध्ये २५,००० डॉलर दंड आणि वर्षभराची बंदी झाली. त्या नोव्हेंबरमध्ये परतल्या आणि १९९६मध्ये त्यांनी हिटलर सुरुवातीला बरा होता असं सांगून पुन्हा तेच ओढवून घेतलं.

खेळाडूंच्या पाठीशी एव्हाना युनियन उभी होती. डिसेंबर १९९९मध्ये अटलांटा ब्रेव्हजचा जॉन रॉकर ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’च्या बातमीदारापुढे न्यूयॉर्कबद्दल भडाभडा बोलला: तिथल्या सबवेच्या ७ नंबरच्या गाडीतले प्रवासी, टाइम्स स्क्वेअरमध्ये इंग्रजी न बोलणारे परदेशी. त्याच्या यादीत कोरियन, व्हिएतनामी यांच्याबरोबर भारतीयही होते. कमिशनर बड सेलिग यांनी हंगामपूर्व सराव आणि एप्रिल महिना मिळून निलंबन आणि २०,००० डॉलर दंड ठोठावला. युनियन लवादाकडे गेली. लवाद होते श्याम दास. त्यांनी निलंबन हंगामाच्या पहिल्या दोन आठवड्यांवर आणलं आणि दंड ५०० डॉलरवर. लँडिस यांच्या काळात पॉवेलला दाद मागायला असं कोणी नव्हतं. १९४५पर्यंत तो खेळला. शेवटच्या हंगामाची अखेर फिलीजकडे, आणि मॅनेजर तोच चॅपमन. नोव्हेंबर १९४८मध्ये न वटणाऱ्या चेकच्या प्रकरणात वॉशिंग्टनच्या पोलिसांनी त्याला पकडलं, आणि पोलीस ठाण्यातच त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

सर्वांत मोठी शिक्षा झाली ती बेसबॉलबाहेर. एप्रिल २०१४मध्ये लॉस एंजलिस क्लिपर्स या बास्केटबॉल संघाचे मालक डोनाल्ड स्टर्लिंग यांचं खासगी बोलणं ध्वनिमुद्रित होऊन बाहेर आलं; आपल्या सामन्यांना कृष्णवर्णीयांना घेऊन येऊ नकोस, असं ते मैत्रिणीला बजावत होते. त्यांच्या खेळाडूंनी सरावाचे सदरे उलटे घालून निषेध केला, जाहिरातदार पळू लागले. २९ एप्रिलला कमिशनर ॲडम सिल्व्हर यांनी त्यांना तहहयात बंदी आणि २५ लाख डॉलर दंड सुनावला. घरात बोललेल्या शब्दांवर एवढी शिक्षा असावी का, यावर तेव्हा बरंच लिहिलं गेलं. त्या मानाने २००९ची आठवण थोड्यांनीच काढली. त्या वर्षी याच स्टर्लिंग यांनी आपल्या इमारतींमध्ये कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबांना घरं नाकारल्याचा अमेरिकी सरकारचा खटला २७ लाख २५ हजार डॉलर भरून मिटवला होता, आणि लीगने त्यांना एका दिवसासाठीही बाहेर बसवलं नव्हतं. क्लिपर्स त्यांनी १९८१मध्ये सव्वा कोटी डॉलरला घेतला होता. बंदीनंतर तो उद्योगपती स्टीव्ह बाल्मर यांना विकला गेला, २०० कोटी डॉलरला.