त्र्यंबकेश्वराचें बांधकाम व पाथरवटांची उमेदवारी

त्र्यंबकेश्वराचें विद्यमान देवालय नानासाहेब पेशवे यांनीं बांधविलें, हें सर्वश्रुत आहे. काम इ. स. १७५५ (शके १६७७) मध्यें सुरू होऊन १७८६ (शके १७०७) मध्यें पुरें झालें व त्यास १६ लक्ष रुपये लागले, असें सांगतात. प्रस्तुत टिपणाचा विषय मात्र तो पैसा नसून तीं माणसें होत.

नानासाहेब १७६१ सालीं वारले; काम पुढें पंचवीस वर्षें चाललें. मध्यंतरीं पानिपत झालें, बारभाईंचें कारस्थान झालें, इंग्रजांशीं पहिलें युद्धही होऊन गेलें. पायाभरणीच्या वेळीं बारा वर्षांचा असलेला पाथरवटाचा मुलगा अखेरीस त्रेचाळीस वर्षांचा झाला असला पाहिजे. अर्थात् या कामानें आपले कारागीर आपणच तयार केले, असें अनुमान काढण्यास हरकत नाहीं. प्रथम हाताखालीं राबावें, मग गुण्या लावून साधा चिरा घडवावा, ओळंब्यानें थर जुळवावा आणि शेवटीं नक्षीस हात घालावा, हीच त्यांची पाठशाळा. चुकलेला चिरा हीच परीक्षा.

इंग्रजी अमलांत १८५४ सालीं पुण्यास इंजिनियरिंग क्लास निघाला, तोही पब्लिक वर्क्स खात्यास हाताखालचीं माणसें मिळावीं म्हणून. १८६६ त तो मुंबई विद्यापीठास जोडला गेला. तेथूनच १८८३ सालीं परीक्षा उतरलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या दुसऱ्या वर्षीं नोकरीस लागले, ते याच नाशिक जिल्ह्यांत. पुढें खानदेशांत पांझरा नदीखालून नळानें पाणी पलीकडे नेण्याचें काम त्यांनीं केलें. पुस्तकी विद्येसही अखेर नदीकांठींच उमेदवारी करावी लागली.

भेद इतकाच कीं, विद्यालयाच्या पटावर विद्यार्थ्यांचीं नांवें राहिलीं. त्र्यंबकच्या उमेदवारांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. याचा दोष कांहीं अंशीं आपणां संग्राहकांकडे येतो. राजकारणाचें पत्र आपण जपतों आणि मोडींतील हजेरीपट व चुन्या-दगडाचे जमाखर्च रद्दींत टाकतों. परंतु एकच नांव एका सालीं अर्ध्या रोजावर व कांहीं वर्षांनीं पुऱ्या रोजावर आढळलें, तर उमेदवारीचा तो लेखी पुरावाच होय; वरील अनुमान त्यावरच ठरेल अथवा मोडेल. यास्तव ज्यांच्या संग्रहीं अशीं फुटकळ बाडें असतील, त्यांनीं तीं टाकण्यापूर्वीं एकवार वाचावीं, ही विनंती.