भेलचा कारखाना आणि बदलती वीज



१९५६ हे साल भोपाळच्या मराठी घरांना एका कारणाने पाठ असते. १ नोव्हेंबरला भोपाळ राजधानी झाले आणि नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांतील अनेक कुटुंबे बिऱ्हाड घेऊन येथे आली. त्याआधी दोनच महिने, २९ ऑगस्टला, हेवी इलेक्ट्रिकल्स इंडिया लिमिटेडची स्थापना झाली होती. पिपलानी, बरखेडा आणि पुढे अवधपुरी या वस्त्यांचा इतिहास त्या कारखान्याला जोडलेला आहे.

तंत्र ब्रिटनच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजचे होते. ६ नोव्हेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंनी कारखाना राष्ट्राला अर्पण केला. १९७४ मध्ये तो भेलमध्ये विलीन झाला. येथे जलविद्युत टर्बाइन, रोहित्रे आणि रेल्वे इंजिनांच्या मोटारी तयार झाल्या. म्हणजे धुराविना होणाऱ्या विजेचे काम येथे आरंभापासून आहे. मात्र भेल कंपनीचा मोठा व्यवसाय कोळशावरच्या वीजकेंद्रांचा राहिला.

परक्या स्पर्धेपासूनचे संरक्षण १९९१ नंतर सैल होत गेले. २०१० मध्ये रिलायन्स पॉवरने ६६० मेगावॅटच्या ३६ संचांची मागणी शांघाय इलेक्ट्रिककडे नोंदवली. सरकारने परदेशी यंत्रांवर एकूण सुमारे २१ टक्के कर बसवला तो २०१२ मध्ये. तोवर मोठ्या मागण्या देऊन झाल्या होत्या, नव्या आटत चालल्या होत्या. २०१५-१६ मध्ये भेलला तोटा झाला. उपाय चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. तो उशिरा आला.

आज तोच प्रश्न कार्बनच्या रूपाने उभा आहे. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. युरोपने पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते यांच्या आयातीवर कार्बन-आकाराची व्यवस्था ऑक्टोबर २०२३ पासून टप्प्याटप्प्याने लागू केली. तिकडे २०२३ नंतर देशात कोळशाच्या वीजकेंद्रांची कामे पुन्हा वाढली, कारण संध्याकाळी सूर्य मावळल्यावरही वीज लागते. भेलच्या हाती काम आले हे चांगलेच. पण याच भरवशावर पुढच्या पिढीचे शिक्षण आखणे धोक्याचे आहे.

रोहित्राचे उदाहरण घ्या. सौर वा पवनवीज दूर पोहोचवायची तर मोठी रोहित्रे लागतात. त्यांच्या गाभ्यात विशिष्ट विद्युत-पोलादाचे पातळ पत्रे असतात. ते जितके उत्तम, तितकी वीज कमी वाया जाते. हे पोलाद आपण अजून बऱ्याच अंशी परदेशातून आणतो. रोहित्र भोपाळचे आणि गाभ्याचे पोलाद बाहेरचे, असे असले तर स्वच्छ विजेच्या कामातला मोठा मोबदला बाहेरच जातो. स्पर्धेत टिकायचे तर येथून सुरुवात हवी.

गोविंदपुऱ्यातील छोटे कारखाने भेलला सुटे भाग पुरवत मोठे झाले. नव्या यंत्रांना लागणारे भाग, त्यांची चाचणी आणि कामगारांचे नवे प्रशिक्षण यांचा खर्च या छोट्या मालकांना एकट्याने पेलणार नाही. तो कोणी, किती आणि केव्हा उचलायचा हे आज ठरवावे लागेल. २०१२ सारखा उशीर पुन्हा झाला, तर त्याची किंमत प्रथम आपल्या शेजारच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना मोजावी लागेल.