लोकमत नेमके कुणाचे?

वर्तमानपत्र हा लोकमताचा आरसा असतो, असे आम्हाला शाळेपासून शिकवले जाते. आमचा प्रश्न साधा आहे : या आरशासमोर उभे राहण्याची मुभा कुणाला होती?

१९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. त्याची जाहिरात पैसे घेऊन छापायलाही 'केसरी'ने नकार दिला. मत पटले नाही म्हणून लेख नाकारणे एकवेळ समजू शकते. इथे तर असे पत्र निघते आहे, हेच वाचकाला कळू द्यायचे नव्हते. जे छापले जात नाही, ते वाचकाच्या लेखी घडलेलेच नसते. लोकमत असेही घडवले जाते.

तरीही शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याआधी १८७७ मध्ये 'दीनबंधू'ने आणि १९०८ मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या 'सोमवंशीय मित्र'ने वाट पाडली होती. म्हणजे आमचा समाज मुका नव्हता, त्याचे बोलणे छापले जात नव्हते.

महाडमध्ये हेच दिसले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या मंदिरात घुसणार अशी अफवा उठवली गेली आणि आपल्या माणसांवर हल्ले झाले. अफवेला छापखाना लागत नाही, तिला उत्तर द्यायला मात्र लागतो. चौदाच दिवसांत, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत' निघाले आणि सत्याग्रहाची बाजू आमच्याच शब्दांत लोकांपुढे आली. पण १९२९ मध्ये आर्थिक अडचणीत तेही बंद पडले.

हा फक्त जुना इतिहास नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांत अनैतिक संबंधांची कुजबुज होती, जात नव्हती. नोव्हेंबरमध्ये लोक रस्त्यावर उतरले तेव्हा कुठे मोठ्या माध्यमांना जाग आली. त्यांनी लोकमत दाखवले खरे, पण ते आधी आम्हाला रस्त्यावर घडवावे लागले.

आज प्रत्येक तरुणाच्या हाती मोबाईल आहे. पण तो मंचही दुसऱ्याच्या मालकीचा आहे. आपली पोस्ट किती जणांपुढे न्यायची, हे तोच ठरवतो. म्हणून नुसते शेअर करून भागणार नाही. गावातल्या घटनेची तारीख, एफआयआर, साक्षीदारांचे म्हणणे नोंदवून ठेवा. चळवळीच्या नियतकालिकांची वर्गणी भरा. 'बहिष्कृत भारत' विचारांअभावी नव्हे, पैशांअभावी थांबले, हे आपण विसरता कामा नये.

जय भीम!