पावलांचा हिशेब

आमच्या परभणी जिल्ह्यात खो-खो नि कबड्डीची पंचगिरी करणारा माणूस बास्केटबॉलच्या मैदानावर उभा राहिला, की प्रेक्षक त्याला फार वेळ सुखाने राहू देत नाहीत. चेंडू घेऊन एखादा पोरगा टोपलीकडे झेपावतो आणि कडेने मोजणी सुरू होते : एक, दोन, तीन! तिनाला शिट्टी वाजली नाही, तर पंच आंधळा. जिंतूर असो की सेलू, मोजणारे तेच. पण ही मोजणी आली कोठून, तिची हकीकत मोठी मजेची आहे.

डिसेंबर 1891. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाला हिवाळ्यात घरात खेळण्याजोगा खेळ हवा होता. वर्गात अठरा दांडगे तरुण. नेस्मिथने विचार केला : फुटबॉलमध्ये हाडे का मोडतात? चेंडू घेऊन पळणाऱ्याला बाकीचे पाडतात म्हणून. मग त्याने पळूच नये! पीचच्या टोपल्या दहा फुटांवर टांगल्या गेल्या आणि तेरा नियम लिहिले गेले. तिसरा नियम असा, की जेथे चेंडू झेलला तेथूनच तो फेकावा. मात्र भरधाव पळताना झेलणाऱ्याला थोडी सूट द्यावी, असेही त्याच नियमात होते. सूट किती, ते त्या भल्या गृहस्थाने लिहिले नाही. पुढली सव्वाशे वर्षे पंच भांडत आले ते ह्या न लिहिलेल्या आकड्यावरून!

त्या नियमांत चेंडू घेऊन पळणे हा चेंडूला मूठ मारण्याइतकाच गुन्हा होता. एका बाजूने लागोपाठ असे तीन गुन्हे केले, की दुसऱ्या बाजूला एक गोल. आज चेंडू तेवढा हातचा जातो. पंचही तेव्हा दोन असत : एकाने माणसे पाहायची, दुसऱ्याने चेंडू. मला ही वाटणी फार शहाणपणाची वाटते. कारण ‘ट्रॅव्हलिंग’ ठरवताना चेंडू हातात कधी आला आणि त्या क्षणी पाय कोठे होता, ही दोन्ही एकाच नजरेत धरावी लागतात.

चेंडू नेता येत नाही म्हटल्यावर खेळाडूंनी तो आपटत नेण्याची युक्ती काढली. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मात्र अंतिम सामना उघड्या मैदानावर, पावसात झाला. चिखलात टप्पा कसला पडतो! अमेरिकेने कॅनडाला 19-8 असे हरवले. त्याच वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनमध्ये आपले देशी खेळ दाखवत होते.

नेस्मिथची ती सूट 1 ऑक्टोबर 2017 पासून आंतरराष्ट्रीय नियमांत अधिक मोकळी झाली. धावताना चेंडू ताब्यात आला त्या क्षणी जमिनीवर असलेला पाय मोजायचा नाही. ते शून्य पाऊल. त्यानंतर दोन. आदल्या दिवसापर्यंत हीच चाल चूक होती.

गंगाखेडकडच्या एका शालेय सामन्यात ह्याच शून्याने रण माजले. एका गुणाने मागे असलेल्या संघाच्या पोराने अखेरच्या क्षणी शून्य, एक, दोन करीत टोपली साधली. मी शिट्टी वाजवली नाही. पलीकडचे शिक्षक जुने पुस्तक घेऊन धावत आले. त्यांची मोजणी खरी होती, पुस्तक शिळे होते! त्यांची मुले रडत होती आणि ह्या मुलांना आयुष्यात प्रथमच पुढच्या फेरीचा प्रवास घडणार होता.

उभ्याने झेलणाऱ्याला मात्र ही सूट नाही. त्याचा एक पाय खळ्यातल्या तिवड्यासारखा रोवलेला. दुसऱ्याने बैलासारखे खुशाल फिरावे. टप्पा सुरू करायचा, तर तिवडा उचलण्याआधी चेंडू हातातून सुटला पाहिजे. आमची खो-खोची पोरे नेमकी येथे सापडतात. खो मिळताच उसळून पळायची सवय पायांत मुरलेली!

आमच्या मुरमाड मैदानांवर आणखी एक गोष्ट नेहमी घडते. चेंडू छातीशी धरलेला पोरगा घसरून आडवा होतो आणि सगळे मैदान शिट्टीसाठी ओरडते. पडणे, घसरणे चूक नव्हे. तो चेंडू धरूनच उठू लागला, म्हणजे मग वाजवायची.