शरणपूर ते मोंबासा : आश्रय सोडून निघालेल्यांची श्रद्धा

नाशिक परिसरातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाचा विचार करू लागले की आपल्यापुढे प्रथम उभी राहते ती घर, जात आणि गोत सोडून मिशनकडे गेलेल्या व्यक्तीची प्रतिमा. रे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला; नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाईंनी तोच निर्णय १९०० साली घेतला. ‘स्मृतिचित्रे’मुळे ह्या दोघांची कथा मराठी वाचकांच्या परिचयाची झाली आहे. ईश्वरावर भार टाकून परिचित आयुष्याबाहेर पाऊल टाकणे म्हणजे काय, ह्याचे उदाहरण देताना आपण बहुधा ह्याच कथेचा आधार घेतो.

परंतु ह्याच नाशिकने टिळकांच्या बाप्तिस्म्यापूर्वी तीस वर्षे नेमके उलट दिशेचे प्रयाण पाहिले आहे. ज्यांचे घर आणि गोत बळजबरीने आधीच हिरावले गेले होते, ज्यांना मिशनखेरीज दुसरा आसरा नव्हता, असे काही तरुण मिशनचा तो आसरा सोडून समुद्रापार गेले. ज्या भूमीतून त्यांना गुलाम म्हणून पळविण्यात आले होते तीच त्यांच्या प्रवासाची दिशा होती. त्यांच्या ह्या जाण्यास श्रद्धा म्हणावे काय, आणि म्हणावयाचे तर कोणत्या पुराव्यावर, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

चर्च मिशनरी सोसायटीने नाशिक येथे १८३२ साली कार्यास प्रारंभ केला. पुढे १८५४ साली रे. विल्यम सॉल्टर प्राइस ह्यांनी शहराच्या पश्चिमेस एक ख्रिस्ती वसाहत स्थापिली व तिला शरणपूर हे नाव दिले. जुन्या करारात ज्या आश्रयनगरांचा उल्लेख येतो त्यांची कल्पना ह्या नावामागे होती. धर्मांतरामुळे गणगोताने टाकलेल्यांना येथे राहावयास जागा आणि पोट भरण्यास उद्योग मिळावा असा हेतू होता. म्हणून वसाहतीत शाळेच्या जोडीला सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकविले जात. आज शरणपूर शहरात सामावून गेले आहे. नाशिककर शरणपूर रोडवरून रोज जातात, पण त्या नावातील ‘शरण’ शब्दाचा इतिहास सहसा कोणाच्या मनात येत नाही.

ह्या वसाहतीत आफ्रिकी मुले कशी आली हे समजण्यासाठी हिंदी महासागरातील गुलामांच्या व्यापाराकडे पाहावे लागते. न्यासा सरोवराच्या आसपासच्या प्रदेशातून, विशेषतः याओ व त्यांच्या शेजारच्या जमातींतून, पकडलेली माणसे झांझिबारमार्गे अरबस्तान व इराणच्या आखाताकडे पाठविली जात. ब्रिटिश आरमार अशी गलबते अडवून गुलामांची सुटका करी. परंतु सुटका झालेल्या मुलांना किनाऱ्यावर परत सोडणे म्हणजे त्यांना पुन्हा त्याच व्यापाऱ्यांच्या हाती देणे होते. त्यामुळे त्यांतील अनेकांना मुंबईस उतरविण्यात येई आणि त्यांच्या पालनपोषणाचा भार मिशनसंस्थांवर सोपविला जाई. मुंबईतील अशा मुलांची व्यवस्था जर्मन मिशनरी कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग पाहत असत. १८६० च्या सुमारास ही संस्था नाशिकला शरणपूर येथे हलविण्यात आली आणि ‘आफ्रिकन असायलम’ ह्या नावाने ओळखली जाऊ लागली.

इझेनबर्ग ह्यांचा येथे आणखी एका कारणासाठी उल्लेख करणे आवश्यक आहे. हिंदुस्थानात येण्यापूर्वी ते अबिसिनियात योहान लुडविग क्राप्फ ह्यांचे सहकारी होते. क्राप्फ १८४४ साली मोंबासाला गेले आणि दोन वर्षांनी योहानेस रेबमन त्यांना येऊन मिळाले. मोंबासाजवळील राबाई येथे ह्या दोघांनी मिशनचे ठाणे घातले. पुढे क्राप्फ परतले व रेबमन तेथे जवळजवळ एकटे उरले. अशा रीतीने गोदाकाठचे शरणपूर आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील राबाई ह्यांच्यामध्ये दुवा अगोदरच तयार होता. १८६४ च्या सुमारास शरणपुरात शिकलेले विल्यम जोन्स व इश्माएल सेम्लर आपापल्या पत्नींसह रेबमन ह्यांच्या साहाय्यास गेले. जॉर्ज डेव्हिड हेही ह्याच पहिल्या पिढीतले. पुढे त्या किनाऱ्यावर ही मंडळी ‘बॉम्बे आफ्रिकन’ ह्या नावाने ओळखली गेली.

ही नावेच प्रथम पुरावा म्हणून वाचण्यासारखी आहेत. शरणपूरच्या विद्यार्थ्यांत सायमन प्राइस, रिचर्ड इझेनबर्ग, कारस फॅरार अशी नावे आढळतात. प्राइस, इझेनबर्ग आणि फॅरार ही तिन्ही आडनावे नाशिक-मुंबईकडील मिशनऱ्यांची आहेत. मुलाचे जन्मनाव, त्याची जमात व त्याचे गाव पुसले जाऊन त्या जागी पालकाचे नाव आले. मॅथ्यू वेलिंग्टन ह्या याओ तरुणाचे मूळचे चेंग्विंबे हे नाव आपणास ठाऊक आहे, परंतु ते अपवादाने. आश्रय मिळाला, मात्र त्याचे मोल म्हणून पूर्वीची ओळख गेली. ज्याला आपले नावही स्वतः निवडता आले नाही त्याने पुढे स्वेच्छेने काय निवडले हे ठरविताना इतिहासकाराने सावध असावयास हवे.

ही सावधगिरी दोन्ही बाजूंनी हवी. मिशनच्या तत्कालीन अहवालांत ह्या तरुणांचे प्रयाण म्हणजे ईश्वरी योजनेची पूर्ती म्हणून रंगविले जाई. मिशनला पूर्व आफ्रिकेत कार्यकर्ते हवे होते आणि उष्ण हवामानात युरोपीय माणसे टिकत नव्हती. तेव्हा ह्या वर्णनात गरजेचा भाग किती आणि श्रद्धेचा किती, हा प्रश्न रास्तच ठरतो. उलटपक्षी, ती सर्व मंडळी केवळ दुसऱ्याच्या पटावरील सोंगट्या होती असे म्हणणे म्हणजे त्यांचे कर्तृत्व दुसऱ्यांदा हिरावून घेणे होय. ह्या दोन टोकांमधून मार्ग काढावयाचा तर एक साधी कसोटी लावता येते. ज्या प्रसंगी आज्ञा देणारा मिशनरी जवळ नव्हता, किंवा वरिष्ठांची इच्छा वेगळी होती, त्या प्रसंगी ही माणसे कशी वागली ते पाहावे. असे तीन प्रसंग उपलब्ध आहेत.

पहिला प्रसंग डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरीचा. १८६६ साली आपल्या शेवटच्या प्रवासास निघताना लिव्हिंग्स्टनने शरणपूरच्या शाळेतील नऊ तरुण बरोबर घेतले होते. त्यांच्याविषयीचा त्याचा अभिप्राय फारसा चांगला नव्हता. आळशी व निरुपयोगी अशी त्याची तक्रार असे. काहींनी त्याची सोबत सोडली, रिचर्ड वाटेत मरण पावला. मात्र एडवर्ड गार्डनर व मब्रुकी हे अखेरपर्यंत राहिले. १८७२ साली स्टॅन्लीने झांझिबारहून पाठविलेल्या तुकडीत जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कारस फॅरार इत्यादी आणखी काही नाशिकचे विद्यार्थी होते. १ मे १८७३ रोजी सध्याच्या झांबियातील चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टनचा अंत झाला, तेव्हा त्या तांड्यात एकही युरोपीय नव्हता.

त्या ठिकाणी प्रेत पुरून, उरलेले सामान वाटून घेऊन पांगणे सर्वांत सोयीचे झाले असते आणि त्याबद्दल कोणी जाबही विचारला नसता. त्याऐवजी तांड्याने विचारविनिमय करून प्रेत किनाऱ्यापर्यंत नेण्याचे ठरविले. हृदय तेथेच झाडाखाली पुरण्यात आले. त्या वेळी जेकब वेनराइटने दफनविधीची प्रार्थना वाचली व झाडाच्या बुंध्यावर मृताचे नाव व तारीख कोरली. पुढे सुमारे नऊ महिने आणि हजार मैलांहून अधिक अंतर हा प्रवास चालला. वाटेत उन्यान्येंबे येथे व्हर्नी कॅमेरॉन ह्या इंग्रज अधिकाऱ्याने प्रेत तेथेच पुरावे असे सुचविले. तांड्याने नकार दिला. प्रेत नेणाऱ्यांना वाट न देणाऱ्या मुलखातून जाताना त्यांनी दफन केल्याचा देखावा केला आणि प्रेत कापडाच्या गठ्ठ्यासारखे बांधून पुढे नेले. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोला पोचले.

ह्या निर्णयाचे श्रेय केवळ नाशिककरांचे नव्हे. तांड्याचे प्रमुख चुमा व सुसी हे शरणपूरचे नव्हते, आणि हमालांपैकी अनेक ख्रिस्तीही नव्हते. म्हणून ह्या प्रसंगाला सरसकट ख्रिस्ती श्रद्धेचा विजय म्हणणे चूक ठरेल. परंतु वेनराइटचा वाटा स्पष्ट आहे. सुटकेनंतर ज्याने प्रार्थना व अक्षरओळख शरणपुरात मिळविली, त्याने त्या दोहोंचा उपयोग शिक्षकाची नजर नसलेल्या अरण्यात केला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनचे दफन झाले तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत वेनराइट होता. तेथील शिलालेखात ज्या निष्ठावंत हातांनी देह आणला त्यांचा गौरव आहे, नाव मात्र एकाचेही नाही. पुढे वेनराइट इंग्लंडात न राहता आफ्रिकेत परतला आणि १८९२ साली उरांबो येथे वारला. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोंबासात हयात होता.

दुसरा प्रसंग विल्यम जोन्सचा आहे, आणि त्याची पार्श्वभूमी बदललेली आहे. १८७३ च्या तहाने झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांच्या प्रेरणेने सुटका झालेल्यांसाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वसाहत करण्याचे ठरले. त्या कामी शरणपूरचे संस्थापक प्राइस ह्यांनाच पाठविण्यात आले. १८७५ साली मोंबासासमोर ‘फ्रियर टाउन’ उभे राहिले आणि नाशिकचे आफ्रिकन असायलम बंद होऊन तेथील मंडळी तिकडे गेली. १८८५ साली बिशप जेम्स हॅनिंग्टन ह्यांनी जोन्स व सेम्लर ह्यांना दीक्षा दिली. त्याच वर्षी हॅनिंग्टन मसाई प्रदेशातून युगांडाकडे निघाले तेव्हा जोन्स बरोबर होता. मुख्य तांडा जोन्सच्या स्वाधीन करून बिशप थोड्या माणसांनिशी पुढे गेले आणि ऑक्टोबरमध्ये बुसोगात मारले गेले. बातमी आल्यावर अनोळखी प्रदेशातून उरलेल्या माणसांना सुखरूप परत आणण्याची जबाबदारी जोन्सवर पडली. १८८६ च्या प्रारंभी तो राबाईला पोचला. ज्याला बालपणी ह्याच खंडातून बांधून नेले होते तो आता इतरांना वाट दाखवून घरी आणीत होता.

तिसरा प्रसंग माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे. किनाऱ्यावरील मळ्यांतून पळालेले गुलाम राबाईला येऊन आसरा मागत. तहाने बाजार बंद झाला असला तरी गुलामगिरी स्वतः कायदेशीरच होती. म्हणून धन्याकडून पळालेल्यांना मिशनने थारा देऊ नये असे ब्रिटिश वकिलातीचे धोरण होते आणि मिशनच्या वरिष्ठांनाही ते मान्य करणे भाग होते. त्यांना हाकलावे तर ते पुन्हा साखळीत जाणार, ठेवून घ्यावे तर मालक सशस्त्र चालून येण्याची भीती. जोन्सच्या देखरेखीखालील राबाईत अशी शेकडो माणसे राहत होती. १८८८ साली हा प्रश्न विकोपाला गेला. अखेरीस इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेंझी ह्यांनी मालकांना मोबदला देऊन तडजोड केली आणि १ जानेवारी १८८९ रोजी किनाऱ्यावरील मिशनठाण्यांतील सुमारे १,४०० पळालेल्या गुलामांना मुक्तिपत्रे देण्यात आली. त्यांतील मोठा भाग राबाईचा होता.

ह्या तिसऱ्या प्रसंगात शरणपूर ह्या नावाचा अर्थ पूर्ण होतो. ज्याला नाशिकला आश्रय मिळाला होता त्याने दुसरीकडे, वरिष्ठांच्या धोरणाविरुद्ध, तसाच आश्रय उभा केला. आणि त्याचे पारितोषिक म्हणून त्याला समानता लाभली असेही नाही. बॉम्बे आफ्रिकन व युरोपीय मिशनरी ह्यांच्यात वेतन, मान व अधिकार ह्यांवरून दीर्घकाळ संघर्ष चालला. ज्या संस्थेवर त्यांनी विश्वास टाकला तिनेच त्यांना बरोबरीचे स्थान देण्यास टाळाटाळ केली. ईश्वरावरील श्रद्धा आणि मिशनवरील विश्वास ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना अनुभवाने कळले असले पाहिजे. कारण दुसरा विश्वास डळमळल्यावरही त्यांतील अनेकांनी आपले काम सोडले नाही.

येथे टिळक दांपत्याशी तुलना केल्यास एक भेद ध्यानात येतो. लक्ष्मीबाईंना जे सोडावयाचे होते ते जन्माने मिळालेले होते. सोवळे-ओवळे, पंगत, माहेर-सासर ह्यांची मुळे खोल होती आणि म्हणून पती ख्रिस्ती झाल्यावरही त्यांना पाच वर्षे लागली. शरणपूरच्या तरुणांना जे सोडावयाचे होते ते उपकाराने मिळालेले होते. उपकाराचा आश्रय सोडणे वरवर सोपे दिसते. परंतु ज्याच्याजवळ तेवढाच एक आधार आहे त्याने तोही सोडणे, आणि ज्या वाटेवर आयुष्यातील सर्वांत भीषण अनुभव आला त्याच वाटेने परत जाणे, हे मनोबल कमी प्रतीचे खचित नाही. दोन्हीकडे पाऊल एकदाच टाकून भागले नाही. पाण्याच्या प्रत्येक घोटाला जसा लक्ष्मीबाईंना निर्णय करावा लागला, तसा वेनराइटला उन्यान्येंबेत आणि जोन्सला राबाईच्या दारात तो पुन्हा करावा लागला.

ह्यावरून संशोधनाच्या दृष्टीने एक गोष्ट निष्पन्न होते. धर्मश्रद्धेचा इतिहास लिहिताना आपण बाप्तिस्म्याच्या नोंदी, प्रस्थानाच्या तारखा व मिशनचे अहवाल प्रमाण मानतो. ती साधने आवश्यक आहेत, परंतु ती श्रद्धेचा आरंभ सांगतात. तिची परीक्षा मागाहून, निरोप देणारे परतल्यावर होते, आणि तिचा पुरावा प्रवासवर्णनांत, वकिलातीच्या पत्रव्यवहारात, मुक्तिपत्रांत विखुरलेला असतो. शरणपूरच्या पत्नींविषयी तर ही साधनेही फार थोडे बोलतात, आणि राबाई व फ्रियर टाउनच्या वसाहती त्यांच्याही श्रमांवर उभ्या राहिल्या होत्या. नाशिकच्या इतिहासाची सीमा गोदेच्या दोन तीरांपाशी संपत नाही. तिचे एक टोक मोंबासाच्या किनाऱ्यावर आहे. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक्रमात शरणपूरचे पान जोडताना ते टोकही बरोबर घेतले जावे, एवढीच येथे विनंती आहे.