पॉवरगुडा (कार्बन-विक्री)

पॉवरगुडा हा तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्याच्या जैनूर मंडलातील गोंडांचा लहानसा पाडा. येथील महिला बचत गटांनी ऑक्टोबर २००३ मध्ये १४७ टन कार्बन डायऑक्साइडची उत्सर्जन-घट जागतिक बँकेला ६४५ डॉलरना विकली. पर्यावरण राखल्याबद्दल खेड्याला रोख मोबदला मिळाल्याचे हे भारतातील अगदी सुरुवातीचे उदाहरण होय. वॉशिंग्टनमधील एका आंतरराष्ट्रीय कार्यशाळेमुळे झालेल्या उत्सर्जनाची भरपाई म्हणून बँकेने ही खरेदी केली.

विक्रीचा आधार होता करंज, म्हणजे तेलुगूतला कानुगा. हे झाड हलक्या जमिनीत तग धरते आणि गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. २००२ च्या सुमारास गावाने साडेचार हजारांच्या आसपास करंज लावले. उटनूरची एकात्मिक आदिवासी विकास संस्था आणि पाटणचेरूची इक्रिसॅट ही शेती-संशोधन संस्था यांच्या मदतीने पाड्यावर तेलघाणाही आला. उन्हाळ्यात शेंगा वेचायच्या, वाळवून फोडायच्या, बी घाण्यात घालायचे. तेल विकायचे आणि पेंड शेतात खत म्हणून टाकायची, असे हे काम. दहा वर्षांत मिळणारे सुमारे ५१ टन तेल डिझेलऐवजी जळाले, तर विकलेले १४७ टन उत्सर्जन टळेल, असा हिशेब मांडला गेला. झाडे फळावर येण्याआधीच पैसे हाती आले, हे विशेष. त्यातून बायकांनी करंजाची रोपवाटिका उभी केली.

गरिबीवर परिणाम किती झाला? ६४५ डॉलर म्हणजे तेव्हाचे तीस हजारांच्या आत रुपये, आणि तेही दहा वर्षांचे मिळून. टनामागे जेमतेम दोनशे रुपये पडले. एवढ्याने कोणाचे दारिद्र्य फिटत नाही; या व्यवहाराचे जेवढे कौतुक झाले, त्या मानाने रक्कम किरकोळच म्हणावी लागेल. खरा आधार बी, तेल, पेंड व रोपांच्या विक्रीचा, आणि पैसा बायकांच्या गटाच्या हाती राहिला याचा. महाराष्ट्रात गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने वेगळी वाट धरली. तेथील ग्रामसभेला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ती स्वतःचा बांबू विकू लागली. जंगलावर हक्क असलेले गाव भाव ठरवू शकते. पॉवरगुड्यात भाव खरेदीदाराने लावला.

ऑक्टोबर २०१६ च्या जिल्हा-विभाजनानंतर जैनूर मंडल कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. जुन्या कागदपत्रांत मात्र पॉवरगुडा आदिलाबादखालीच शोधावे.