तंत्रशिक्षणाची भाषा आणि नोकरीची भाषा

महाविद्यालयीन विद्यार्थ्यास तंत्रव्यवसायातील नोकरीसाठी सिद्ध कसे करावे, हा प्रश्न संगणकयुगाने प्रथम उपस्थित केला, असा समज रूढ आहे. वस्तुतः पश्चिम भारतात हा प्रश्न सुमारे दोनशे वर्षांचा जुना असून शिक्षणाच्या माध्यमाचा वादही तितकाच जुना आहे. प्रस्तुत टिपणात तीन संस्थांच्या आधारे या दोहोंचा संबंध तपासावयाचा आहे.

यांपैकी पहिली संस्था मुंबईची एंजिनियर इन्स्टिट्यूशन. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे गव्हर्नर असताना १८२३ साली ती लष्करी इंजिनियर जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली निघाली. जमीनमोजणी व सरकारी बांधकामे यांसाठी देशी माणसे तयार करणे हा तिचा हेतू. शिक्षण मराठीतून व गुजरातीतून दिले जाई आणि त्यासाठी जर्व्हिस यांनी हटनच्या गणितग्रंथाचे मराठी रूपांतर सिद्ध केले. हा केवळ भाषाभिमान नव्हता. मोजणीदारास ज्याच्याशी बोलावयाचे तो शेतकरी आणि ज्याचे दप्तर तपासावयाचे तो कुलकर्णी, दोघांचाही व्यवहार देशभाषेतच चाले. वर्गाची भाषा व कामाची भाषा येथे एकच होती. मात्र ही संस्था फार काळ टिकली नाही.

दुसरी संस्था पुण्याची. सार्वजनिक बांधकाम खात्यास कनिष्ठ अधिकारी पुरविण्यासाठी १८५४ साली तेथे इंजिनियरिंगचा वर्ग उघडण्यात आला. पुढे १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाशी तो संलग्न झाला व त्याला महाविद्यालयाचे रूप आले. येथील पदवीशिक्षणाचे माध्यम इंग्रजी होते, आणि त्याचे कारण उघड आहे. खात्यातील नकाशे, अंदाजपत्रके व वरिष्ठांशी होणारा पत्रव्यवहार इंग्रजीत चाले. ज्या कचेरीत नोकरी मिळावयाची, तिची भाषा वर्गात आली. ओळंबा, गुण्या, रंधा, पटाशी हे शब्द गवंड्यासुताराच्या तोंडी राहिले. पदवीधराच्या वहीत त्यांना जागा उरली नाही. शिकलेला आणि राबणारा यांच्यामधील अंतर अशा रीतीने शब्दसंग्रहातही उतरले.

तिसरा प्रयोग बडोद्याचा. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० साली रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन उभारले. रंगकाम, विणकाम, सुतारकाम व यंत्रकाम हे विषय तेथे देशभाषेतून शिकविण्याचा गज्जर यांचा आग्रह होता. त्यांनी पाठ्यपुस्तकांची माला योजिली आणि पारिभाषिक शब्दांचे कामही हाती घेतले. पुस्तकाशिवाय माध्यम आणि परिभाषेशिवाय पुस्तक संभवत नाही, ही जाण त्यामागे दिसते. कलाभवनाचा रोख कचेरीपेक्षा कारखान्याकडे अधिक होता. कारखान्याच्या भूमीवर बोलली जाते ती कामगाराची भाषा. मुंबईच्या गिरण्यांत मराठी कामगाराने मागांच्या विभागास साचेखाते म्हटले, ते कोणत्याही परिभाषा समितीची वाट न पाहता. गज्जर १८९६ साली बडोदा सोडून गेले. संस्था मात्र टिकली आणि १९४९ साली स्थापन झालेल्या बडोदा विद्यापीठात विलीन झाली.

या तीन उदाहरणांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. देशभाषेतून तंत्रविद्या शिकविता येते, हे मुंबईत व बडोद्यात दिसून आले. परंतु अशा शिक्षणाचे भवितव्य केवळ वर्गात ठरत नाही. नोकरी देणाऱ्याच्या दारी ती भाषा चालते की नाही, यावर ते अवलंबून असते.

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या अनुमतीने २०२१ साली मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकीचे वर्ग सुरू झाले. त्यांचा विचारही याच दृष्टीने व्हावयास हवा. ग्रामीण भागातून आलेल्या मुलास मराठीतून संकल्पना लवकर आकळेल, हे निर्विवाद. तथापि संगणकाच्या आज्ञावलीतील सांकेतिक शब्द, यंत्रासोबतची माहितीपत्रके आणि बहुतेक मुलाखती इंग्रजीतच असतात. म्हणून मराठी माध्यमाचा पुरस्कार करणाऱ्यांवर दोन जबाबदाऱ्या येतात. एक, कारागिराच्या जिभेवर रुळलेल्या शब्दांना डावलून परिभाषा घडवू नये. दुसरी, विद्यार्थ्यास व्यवसायापुरते इंग्रजी शिकविण्याची सोय प्रथम वर्षापासून करावी व त्याबरोबरच मराठीतून होणाऱ्या कामाचे क्षेत्र वाढवावे. पहिलीकडे दुर्लक्ष झाले तर परिभाषा कोशातच राहील; दुसरीकडे झाले तर त्याची किंमत विद्यार्थ्यास आपल्या उपजीविकेने द्यावी लागेल.